लाल घ्यावी की निळी

घनसावंगीच्या रखमाजी तौरांना वेगाचं वेड कुठून लागलं, हे त्यांच्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं. घराणं कुणब्याचं. गोदावरीच्या बाजूला काळी जमीन, त्यात कापूस, विहिरीखाली थोडा ऊस. घरातली माणसं बोलायला हळू, चालायला हळू, जेवायलाही हळू. पण रखमाजी पोरवयात झाडावरून उतरायचे नाहीत, उडी टाकायचे. तरुणपणी ते शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, उतरू लागले, आणि परतूरपासून अंबडपर्यंतच्या जत्रांमधून त्यांच्या ढवळ्या जोडीचं नाव झालं.

पटाची छकडी म्हणजे दोन चाकं, एक दांडी आणि उभं राहायला हातभर फळी. बैल सुटले की मैदानाच्या दोन्ही अंगांनी आरडाओरडा उठायचा, हलगी कडकडायची. रखमाजींना त्यातलं काही ऐकू यायचं नाही. त्यांची बायको गोजरबाई हिनं लग्न नवं असताना एकदा विचारलं होतं, "तिथं उभं राह्यल्यावर तुमाला दिसतं तरी काय?"

रखमाजींनी बराच वेळ विचार केला. "दिसत काहीच न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे सगळं पातळ होऊन जातं. झाडं, माणसं, ऊन. पाण्यात पडल्यावाणी. आन् आपल्याला वजनच राहात न्हाई."

गोजरबाईला ते नीटसं कळलं नव्हतं. पण ते सांगताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते तिच्या लक्षात राहिलं.

एका जत्रेत, भर पटात, छकडीचा कणा मोडला. बैल पुढं निघून गेले आणि रखमाजी छकडीखाली सापडले. डाव्या पायाचं हाड पुढं जुळून आलं, पण पायातला जोर गेला तो गेलाच. पाय जागेवर होता, वाकत होता, पायाला ऊन लागलेलं कळत होतं. फक्त त्यानं भार घ्यायचं सोडलं होतं. तेव्हापासून रखमाजी चालायचे ते गोजरबाईच्या खांद्यावर हात ठेवून. ती त्यांच्या डाव्या अंगाला असायची. सुरुवातीला "थांब", "चल", "पायरी आली" असं बोलावं लागायचं. मग बोलणं बंद झालं. डावं पाऊल पडायच्या आधी त्यांचा हात थोडा जड व्हायचा आणि ती तेवढ्यात भार उचलायची. गावानंही ते पाहायचं सोडून दिलं.

शेत धाकट्या भावानं, मच्छिंद्रनं, सांभाळलं आणि चांगलं सांभाळलं. रखमाजी ओट्यावर बसून राहायचे. कुणी घोडा दौडत नेला की त्यांची मान त्याच्याबरोबर वळायची. घोडा दिसेनासा झाल्यावरही तशीच वळलेली राहायची.

असं बरंच चाललं. मग एका सुगीत कापसाच्या गाड्यांबरोबर ते जालन्याला गेले. कापूस जिनिंगमध्ये पडला, आणि मच्छिंद्र मोजमाप करून घेत असताना रखमाजी स्टेशनजवळच्या एका कारखान्यासमोर बाकड्यावर टेकले. कारखाना गुलाम नबी यांचा. नबीभाई जिनांची इंजिनं दुरुस्त करायचे, मोटारी दुरुस्त करायचे, आणि हैदराबाद-औरंगाबादकडच्या बड्या लोकांच्या जुन्या झालेल्या मोटारी आणून विकायचेही. एका मोटारीचं काम नुकतंच संपलं होतं, ती चालवून बघायची होती.

"बैठो पाटील, एक चक्कर मारून येऊ," ते सहज म्हणाले.

औरंगाबादच्या सडकेला लागल्यावर रखमाजींनी विचारलं, "हिला ह्याच्याहून जोरात जाता येत न्हाई का?"

नबीभाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, हसले, आणि पाय दाबला. बदनापूर येईपर्यंत रखमाजी पुढं वाकून बसले होते. परत आल्यावर उतरलेही नाहीत लवकर. नंतर म्हणाले, "नबीभाई, मला मोटार पाह्यजे. पण ही न्हाई. पळणारी पाह्यजे."

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची. घनसावंगी भागात तेव्हा मोटार आली तर अधिकाऱ्याची यायची. मच्छिंद्रनं ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, भाऊ थट्टा करून राह्यलाय. गोजरबाईला तसं वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नबीभाईंचा सांगावा आला, की एक सोडून दोन आल्या आहेत, येऊन बघा. रखमाजी एका गड्याच्या आधारानं गेले, आणि परत आले ते वेगळे होऊन. ओट्यावर बसायचे, पण डोळे दुसरीकडं असायचे. भाकरी हातात तशीच राहायची. गोजरबाईनं एके सकाळी सुपातली ज्वारी पाखडता पाखडता विचारलं, "सांगा तरी. कशा हायेत दोन्ही?"

आणि रखमाजी बोलायला लागले.

लाल होती ती औरंगाबादच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची, तो विलायतेला परत निघाला होता. इतकी ठेंगणी, की आत बसल्यावर हात बाहेर काढला तर जमिनीला लागेल. दोनच माणसांची. दारं कमरेजवळ कापलेली, पुढची काच खाली पाडता यायची. "नबीभाईनं दुधना नदीच्या वळणावर ती अशी वळवली, गोजर, की वळण आपणच केलंय असं वाटलं. रस्त्यावरचा खडान् खडा समजतो. सारखी बोलत राहती. पाय जरा उचलला तर म्हणती, का उचलला? आपल्या डाव्या बैलावाणी."

"आन् दुसरी?"

दुसरी निळी, पहाटेच्या आभाळासारखी, अमेरिकेची, वरून उघडी. हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराच्या मुलाला नवी गाडी आली म्हणून ही निघाली होती. नाक लांबच लांब, आणि त्या नाकाखाली आठ सिलिंडरांचं इंजन. "तिचा आवाजच न्हाई. वेग कळत न्हाई. बदनापूर कवा आलं आन् कवा गेलं. मागं वळून बघितलं तर नुसती धूळ, लांब, सोन्यावाणी, आन् आपण तिच्यातून निघून आल्तो याची आठवणच न्हाई." ते थांबले. "वळणावर मातर लालीची सर न्हाई. जड हाये. हिला वळायच्या आधी सांगावं लागतं."

"मंग लाल," गोजरबाई म्हणाली.

"लालच," रखमाजी म्हणाले. पण लगेच म्हणाले, "निळीचा सरळ रस्ता तू बघितला न्हाईस."

असे ते कित्येक दिवस बोलत राहिले. सकाळी लाल असायची, दुपारी निळी. गोजरबाईनं मोटारीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण तिला दोघींचे स्वभाव कळू लागले, जसे न पाहिलेल्या जावांचे बोलण्यातून कळतात. दळताना, लोणी काढताना तिच्या डोळ्यांसमोर एक तांबडा ठिपका आणि एक निळी रेघ माळावरून निघून जायची. एकदा तिला वाटलं, हे इतकंच पुरे आहे. मोटार आली नाही तरी चालेल. घरात पुन्हा कुणीतरी पळू लागलं होतं.

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो ती बरेच दिवस टाळत होती. "आवं, पण चालवणार कोण?"

"मी," रखमाजी म्हणाले. त्यांचा हात डाव्या मांडीवर होता. तो त्यांनी उचलला नाही.

दोघं मिळून जालन्याला गेले. नबीभाईंनी दोन्ही गाड्या बाहेर चिंचेखाली आणून ठेवल्या होत्या. गोजरबाईनं प्रथम पाहिलं ते त्यांच्या चकचकीत अंगांवर पडलेलं चिंचेच्या पानांचं हलतं ऊन. लाल गाडी खरंच एवढीशी होती. रखमाजींना तिच्यात उतरवायला दोघांचे हात लागले, पण एकदा बसले तेव्हा त्यांची पाठ सरळ झाली. पुढचं गोल चाक त्यांनी दोन्ही हातांत धरलं. शंकरपटाच्या फळीवर उभा असलेला माणूस गोजरबाईला पुन्हा दिसला. तिनं पदर तोंडाला लावला.

नबीभाईंनी इंजन सुरू करून दिलं, क्लच दाखवला. रखमाजींनी डावा पाय त्या पेडलवर ठेवला. पाय तिथं राहिला. पेडल हललं नाही.

त्यांनी हातानं गुडघा दाबून पाहिला. पेडल थोडं खाली गेलं, पण गियर टाकायला तोच हात लागत होता. हात गियरकडं नेला की पेडल वर यायचं, गाडी गचका खाऊन बंद पडायची. नबीभाई परत सुरू करून द्यायचे. परत तेच. कारखान्यातली हातोड्यांची ठकठक हळूहळू थांबली. माणसं बघू लागली. घामानं रखमाजींचा सदरा पाठीला चिकटला, आणि शेवटी त्यांनी दोन्ही हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले.

"ड्रायवर ठेवून घ्या, भाऊ," नबीभाई मऊ आवाजात म्हणाले. "बडे बडे लोक ठेवतात. त्यात काय?"

"बसून जायचं असतं तर रेल्वे हाये की," रखमाजी म्हणाले. त्यांना बाहेर काढलं. नबीभाईंनी धरून नेलं तसे ते चिंचेच्या बुंध्याशी बसले आणि सडकेकडं पाहू लागले. सडकेवर काहीच नव्हतं.

गोजरबाई त्यांच्याकडं गेली नाही. ती लाल गाडीपाशी वाकून आत बघत होती. "नबीभाऊ, त्यो डावा पाय करतो काय नेमकं?"

"भाभी, इंजन आन् चाकाची जोडी असती. पेडल दाबला की जोडी सुटली, बैल जुवातून सोडल्यावाणी. मंग गियर बदलायचा. पेडल सोडला की परत जुंपली. बस, इतनाच काम."

"मंग त्याला ह्यांचाच पाय लागतो का?"

नबीभाई वाकले. त्यांनी लाल गाडीत डोकं घातलं. दोन बैठका वेगळ्या, आणि मधून लोखंडी उंचवटा गेलेला. डावीकडच्या माणसाचा पाय तिकडं जाणं शक्य नव्हतं. मग ते उभे राहिले आणि निळ्या गाडीकडं पाहिलं. तिची पुढची बैठक सलग होती, बाजेसारखी, आणि खालची जमीन सपाट.

"भाभी," ते म्हणाले, "मी तीस साल मोटारी बघून राह्यलो. हे असं मी कधी केलं न्हाई."

"मी तर मोटारच केली न्हाई," गोजरबाई म्हणाली. "बसून बघते."

रखमाजींना कळलं तेव्हा ते रागावले. खरं तर लाजले. भर बाजारात, उघड्या गाडीत, बायको एवढी खेटून बसणार, लुगड्यातून पाय पुढं करणार. "न्हाई," ते म्हणाले. "लोकं काय म्हणतील?"

"गावातून रोज माझ्या खांद्यावर हात टाकून चालता," गोजरबाई म्हणाली, "तवा काय म्हणतात?"

रखमाजींनी उठायला तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नबीभाईंनी निळी गाडी मोती तलावाच्या बाजूच्या माळावर नेली. तिथं आडवं येण्यासारखं काही नव्हतं, आणि पाण्यावरून गार वारा येत होता. रखमाजी चाकामागं बसले, दुखरा पाय मागं ओढून. मधे गोजरबाई, गियरचा दांडा तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे, उजवं पाऊल क्लचवर. डावीकडं नबीभाई, जीव मुठीत धरून.

पहिल्यांदा गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. "दाब" म्हणेपर्यंत उशीर व्हायचा, "सोड" म्हणेपर्यंत घाई व्हायची. रखमाजी ओरडायचे, मग गोजरबाई ओरडायची, नबीभाई "धीरे, धीरे" म्हणायचे. तलावाच्या कडेला कपडे धुणाऱ्या बायका काम टाकून उभ्या राहिल्या.

मग दोघंही ओरडून दमले आणि गप्प बसले. इंजन सुरू होतं. रखमाजींचा डावा खांदा तिच्या उजव्या खांद्याला टेकला होता. गियरकडं हात न्यायच्या आधी तो खांदा जरासा जड होतो, हे तिच्या लक्षात आलं. तिला ते जडपण ओळखीचं होतं. तिनं पाय दाबला. हात गियरवर गेला, दांडा सरकला, खांदा हलका झाला, आणि तिनं पाय सावकाश उचलला.

गाडी निघाली. गचका नाही, आवाज नाही. माळावरचं सुकं गवत दोन्ही बाजूंनी वाकून मागं जाऊ लागलं. दुसरा गियर पडला, मग तिसरा, आणि कुणी काहीच बोलत नव्हतं. तलाव एकदा उजवीकडं आला, एकदा डावीकडं आला, आभाळ पाण्यातून उचलल्यासारखं त्यांच्याबरोबर फिरत राहिलं. नबीभाईंनी हळूच दाराला धरलेला हात सोडला.

परतल्यावर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "भाऊ, गाडी म्हणून विचाराल तर लाल चांगली. हे मी विकणारा असून सांगतो."

"मला ठाऊक हाये," रखमाजी म्हणाले. गोजरबाईच्या खांद्यावर हात ठेवून ते लाल गाडीजवळ गेले, तिच्या तापलेल्या नाकावर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहिले. ती त्यांना आयुष्यभर आवडत राहिली. पुढं परभणीच्या एका डॉक्टरांनी ती घेतली, आणि रखमाजी भेटेल त्या परभणीकराला विचारायचे, लाल कशी आहे. पण त्या दिवशी त्यांनी घेतली ती निळी.

पहिला मोठा प्रवास झाला तो गोजरबाईच्या माहेरचा. पिंपळगाव रेणुकाई म्हणजे पार भोकरदनच्या पलीकडं. बैलगाडीनं मुक्काम करत जावं लागायचं, म्हणून नवऱ्याला अपघात झाल्यापासून तिचं जाणंच राहून गेलं होतं. जालना सोडलं तेव्हा ऊन कोवळं होतं. कपाशीची बोंडं फुटली होती, आणि दोन्ही बाजूंची पांढरी शेतं जवळ यायची, पसरायची, मागं विरायची. शेतातल्या बायका ताठ होऊन बघायच्या. त्यांच्या ओळखीचं कुणी असावं म्हणून हात वर करायच्या, तोवर गाडी पुढं गेलेली असायची.

सरळ रस्ता लागला तेव्हा क्लचचं काम उरलं नाही. गोजरबाईनं पाऊल बाजूला घेतलं. रखमाजींनी तिच्याकडं पाहिलं, आणि तिनं मान डोलावली.

निळ्या गाडीचा वेग खरोखरच कळत नव्हता. आधी झाडांमधली अंतरं मिटली. मग उन्हाचे आणि सावलीचे पट्टे एक झाले. पदर डोक्यावरून केव्हा उडाला ते तिला समजलं नाही, आणि समजलं तेव्हा तो सावरावासा वाटला नाही. तिच्या हातापायांना वजन नव्हतं. धाकट्या बहिणीबरोबर ती झोका घ्यायची तेव्हा वर गेल्यावर क्षणभर असं व्हायचं. इथं तो क्षण संपत नव्हता.

"दिसतं का काही?" रखमाजींनी विचारलं.

"काहीच न्हाई," ती म्हणाली आणि हसू लागली.

माहेरी भावजय सोनूबाई भाकरतुकडा ओवाळायला धावत बाहेर आली. उघड्या गाडीत नणंद नवऱ्याला खेटून मधोमध बसलेली, केस सुटलेले, तोंड धुळीनं माखलेलं. सोनूबाईनं तुकडा हातात धरूनच विचारलं, "वन्सं, ही कोणती तऱ्हा?"

"आमी दोघं मिळून चालवून राह्यलोत," गोजरबाई म्हणाली. मग दोघांनी माहेरच्या माणसांना रेणुकाईच्या देवळापर्यंतही गाडीतूनच नेलं, आणि अर्धं गाव मागं चाललं. काही म्हातारी माणसं तोंड फिरवून गेली. ते दोघांनाही दिसलं. पण परतीच्या वाटेवर त्यांनी त्याचा विषय काढला नाही. पूर्णा ओलांडताना पाण्यातलं सूर्यबिंब चाकांखाली फुटून कसं दोन्हीकडं पसरलं, त्याबद्दलच बोलत राहिले.

अशी काही वर्षं मिळाली. मग लढाईनं पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर नेलं, टायर मिळेनासे झाले. नबीभाईंनी जुन्या टायरांना आतून ठिगळं लावून दिली, काथ्या भरून दिला. गाडी महिनोन् महिने गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहू लागली. रखमाजींच्या केसांत पांढरं आलं, नजर अधू झाली. लांबचं झाड आहे की माणूस, हे त्यांना कळेना. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण खेटून बसणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

लढाई संपल्यानंतरच्या चैत्रात नबीभाईंनी कुठून तरी पेट्रोलचा एक डबा पाठवला. गोदावरीला पाणी एका कडेला गेलं होतं, आणि उरलेलं पात्र कोसभर लांब, रुंद, घट्ट बसलेल्या वाळूचं. बैलगाड्या तिथून जायच्या त्या वाटेनं दोघांनी निळी गाडी नदीत उतरवली. वाळूत उतरल्यावर रखमाजींनी ती थांबवली.

"का थांबलात?"

"सरक हिकडं," ते म्हणाले. "आता तू चालव. समदं तूच."

"मला कुटं येतं?"

"अर्धं तर तूच करून राह्यलीस इतकी वर्षं. ऱ्हायलेलं मी करताना बघितलंयस."

तिनं चाक दोन्ही हातांनी धरलं. रखमाजी दाराला धरून पलीकडच्या अंगाला जाऊन बसले होते. गाडी घरची झाल्यापासून त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. मग तिनं एकटीनं पेडल दाबलं, एकटीनं दांडा सरकवला. गाडी एकदा आचकली आणि निघाली.

नदीच्या पात्रात रस्ता नसतो. जिकडं नाक वळवावं तिकडं जाता येतं. गोजरबाईनं आधी मोठं गोल वळण घेतलं, मग त्याहून मोठं. वाळू चाकांखाली कुजबुजत होती. एका बाजूला पाण्याची झगझगीत पट्टी, दुसऱ्या बाजूला दरडीवरची बाभळीची फिकट हिरवी रांग, आणि दोन्ही हळूहळू एकमेकांत मिसळायला लागल्या. रखमाजींनी मान मागं टाकली. त्यांना तसंही फार दिसत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अजून जोरात," ते म्हणाले.

तिनं पाय दाबला.

वळताना तिला पुढचा हिरवा पट्टा दिसला तो उशिरा. वाळूत गावातल्या कचरूनं टरबुजाची वाडी केली होती, दरसाल करायचा. गाडीचं एक चाक वाडीच्या कडेवरून गेलं आणि गाडी थांबली तेव्हा दोन-तीन टरबुजं फुटून वाळूत लाल सांडलं होतं. कचरू खोपीतून धावत आला. चाकामागं बसलेल्या गोजरबाईला पाहून तो जागीच उभा राहिला.

"वहिनी?" तो म्हणाला. "तुमी?"

"चुकलं रे कचरू," ती म्हणाली. अजून तिचा श्वास जागेवर नव्हता. "वळली न्हाई जल्दी. हिला आधी सांगावं लागतं."

कचरू फुटलेल्या टरबुजांकडं पाहत राहिला, मग गाडीकडं, मग डोळे मिटून हसणाऱ्या रखमाजींकडं. शेवटी तोही हसायला लागला. खाली बसून त्यानं फुटलेल्यातलंच बरं बघून उचललं, वाळू झटकली, विळ्यानं फोडी केल्या आणि दारावरून आत दिल्या. तिघांनी तिथंच खाल्ल्या. टरबूज उन्हानं कोमट झालं होतं, फार गोड होतं, आणि रस गोजरबाईच्या कोपरापर्यंत ओघळत होता.